रोबो जरूर घ्या, पण बाईला आधी नीट तपासा आणि सगळे पर्याय सांगा

प्रति,
रोबो घेतलेल्या आणि घ्यायच्या तयारीत असलेल्या महाराष्ट्रातल्या हॉस्पिटलांचे संचालक आणि ट्रस्टी,
स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनांचे पदाधिकारी,
आणि राज्याचं सार्वजनिक आरोग्य खातं

नमस्कार,

पत्र कशासाठी लिहितेय ते आधीच सांगते. आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी एका मोठ्या हॉस्पिटलनं यंदा ऑपरेशनचा रोबो घेतला, थाटात उद्घाटन झालं, स्टँडसमोर बोर्ड लागला, "अंग बाहेर येतंय? लाजू नका, रोबोटिक सर्जरी करा, लवकर घरी जा." अंग बाहेर येणं म्हणजे गर्भाशय, ज्याला आपण पिशवी म्हणतो ते, किंवा योनीचा भाग खाली उतरून बाहेर येणं. आणि त्याच सुमाराला त्याच हॉस्पिटलातली एक खोली बंद झाली, जिथं एक फिजिओथेरपिस्ट मॅडम बायकांना ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवायच्या. तिथं आता रोबोचं काउन्सेलिंग चालतं. मी विचारलं तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, मॅडम, त्याला पेशंटच येत नव्हते. येणार कुठून, तिकडं कुणी पाठवतच नव्हतं. हे बघून मला गप्प बसवेना. हॉस्पिटलचं नाव मी घेत नाही कारण एका हॉस्पिटलला धारेवर धरून काही होणार नाही, पुण्या-मुंबईपासून जिल्ह्याच्या गावापर्यंत बोर्डांवरची भाषा हळूहळू अशीच व्हायला लागलीय.

मी स्वतः पेशंट आहे. वय बावन्न, पतसंस्थेत नोकरी, दोन बाळंतपणं, त्यातलं पहिलं चिमटा लावून झालेलं. बरीच वर्षं संध्याकाळ झाली की खाली जड जड वाटायचं, मग अंघोळ करताना हाताला गोळा लागायला लागला, मग लघवी साफ होईना, दोनदा तीनदा बसावं लागायचं. ऑफिसात काउंटरवर उभं राहायची पाळी आली की पोटात गोळा यायचा. नवऱ्याला सांगायला वेळ लागला, मुलीला सांगितलं तेव्हा तिनंच नेटवर शोधून त्या हॉस्पिटलची अपॉइंटमेंट घेतली.

आमच्या थोरल्या जाऊबाईंनी तर कुणालाच सांगितलं नव्हतं. गावाकडं असतात, चार बाळंतपणं, दोन म्हशी. मी एकदा पहाटे गोठ्यात गेले तर वैरणीचा भारा डोक्यावर घ्यायच्या आधी त्या भिंतीकडं तोंड करून खाली बसल्या, हातानं अंग आत ढकललं, जुन्या लुगड्याची घडी घातलेला लंगोट घट्ट आवळून बांधला, आणि उठून भारा घेतला. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाल्या, "असंच करायचं असतं गं, आमच्या सासूबाईपण करायच्या." म्हशीची धार निघेपर्यंत त्यांनी पुढं एक शब्द बोलला नाही. मी हे लिहिते आहे ते त्यांना विचारून लिहिते आहे, त्या म्हणाल्या लिही.

आता रोबोबद्दल. मी रोबोच्या विरोधात नाही, हे स्पष्ट लिहिते, कारण नाहीतर पत्राचा तेवढाच अर्थ काढला जाईल. माझ्या मावसबहिणीची अडतिसाव्या वर्षी पिशवी काढली, काही वर्षांनी तिला योनीचा वरचा भागच खाली उतरायला लागला, पुण्यात रोबोनं ऑपरेशन झालं आणि ती आज चांगली आहे, टू व्हीलर चालवते, नोकरी करते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, रोबो स्वतः काही ठरवत नाही. डॉक्टर थोडं बाजूला कन्सोलवर, म्हणजे मशीन चालवायच्या टेबलाशी, बसतात, त्यांना आतलं मोठं केलेलं थ्रीडी चित्र दिसतं, पोटावरच्या छोट्या भोकांतनं आत गेलेली हत्यारं त्यांच्या बोटांप्रमाणं हलतात आणि मनगटासारखी वळतात. अंग बाहेर येण्यावर हे मशीन मुख्यतः ज्या ऑपरेशनला वापरतात त्याचं नाव सॅक्रोकोल्पोपेक्सी, म्हणजे योनीचा वरचा भाग पॉलिप्रॉपिलीनच्या जाळीनं पाठीच्या कण्याच्या तळाला जे त्रिकास्थी हाड असतं तिथं नेऊन टाक्यांनी बांधायचा. पिशवी असेल तर कधी ती ठेवून करतात, कधी काढून. खोल, अरुंद जागेत पुष्कळ टाके घालायचे असतात, तिथं वळणारी हत्यारं कामाला येतात. पोट उघडून करण्यापेक्षा रक्त कमी जातं, लवकर घरी जाता येतं. हे सगळं मला मान्य आहे.

पण माझ्या बाबतीत काय झालं ते बघा. तपासणी झाली दोनेक मिनिटं, आडवं झोपवून, खोका म्हणाले, ग्रेड थ्री, म्हणजे बरंच उतरलंय, म्हणाले, आणि मला पलीकडच्या खोलीत पाठवलं. तिथं काउन्सेलर, हातात टॅब, त्यावर रोबोचा व्हिडिओ. मग एस्टिमेट. तो कागद अजून माझ्याकडं आहे. रोबो युसेज चार्जेस एक ओळ, रोबोटिक कन्झ्युमेबल्स, म्हणजे वापरून टाकायचं सामान, दुसरी, मेश म्हणजे जाळी तिसरी, मग ओटी, भूल, रूम, औषधं असं करत करत पावणेचार लाख. शेवटी बारीक अक्षरात, प्रत्यक्ष बिल बदलू शकतं. मी विचारलं, ऑपरेशनशिवाय काही आहे का? तर उत्तर मिळालं की या स्टेजला व्यायामाचा उपयोग नाही आणि रिंग, म्हणजे अंग वर धरायला योनीत बसवायचं कडं, म्हाताऱ्या बायकांना बसवतात. खालनं, म्हणजे योनीमार्गातनं, ऑपरेशन होतं ना, आमच्या ओळखीत झालंय, असं म्हटल्यावर, ते जुनं झालं मॅडम. दुर्बिणीनं? रोबो म्हणजे त्याच्या पुढचंच. आणि शेवटी, जास्त दिवस ठेवू नका, वाढत जातं, पुढं काय होईल सांगता येत नाही.

मी तिथं सही केली नाही. तालुक्याच्या गावात एक वयस्कर डॉक्टरीणबाई आहेत त्यांच्याकडं गेले. त्यांनी आडवं झोपवून तपासलं, मग उभं करून तपासलं, कारण उभं राहिल्यावर किती खाली येतं तेच खरं म्हणाल्या. खोकला आहे का, शौचाला जोर करावा लागतो का, घरात पाणी कोण भरतं, शिंकताना लघवी होते का, नवरा-बायकोचे संबंध आहेत का, सगळं विचारलं. मग दोन मापं करून बघून एक सिलिकॉनची रिंग बसवली, बाहेर चालून या म्हणाल्या, जिना चढा, खोका, बाथरूमला जाऊन या, निसटली नाही तर माप बरोबर. रिंगेचे पैसे माझ्या सोनोग्राफीपेक्षा कमी झाले. जाताना म्हणाल्या, "यानं आजार बरा होत नाही, त्रास थांबतो. नको वाटलं तर ऑपरेशन आहेच, ते काय पळून जात नाही." रिंग ठराविक काळानं काढून धुवायची, मध्ये मध्ये दाखवायला यायचं, पाळी गेलेल्यांना योनीत लावायचं एस्ट्रोजेनचं क्रीम लागू शकतं, कधी पांढरं जाऊ शकतं, सगळ्यांना ती मानवतेच असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. मी आता ती स्वतः काढते, धुते, घालते, काउंटरवर उभी राहते. पुढं ऑपरेशन करेन की नाही ते अजून ठरवलं नाही, पण ठरवणार मी, ते माहिती घेऊन. हीच माहिती पहिल्या हॉस्पिटलात मिळायला काहीच हरकत नव्हती.

आता तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली, तपासणीची. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या, तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात आला, जगभर गाजला. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होते, आणि त्याआधी आयुष्यात कधी तरी स्त्रीरोगाची आतली तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. आपल्याच राज्यातलं हे. इतकी वर्षं झाली, आमच्या जाऊबाईंना अजून कुणी तपासलं नव्हतं. आशाताई घरी येतात, गरोदर बाईची नोंद घेतात, लसीकरणाचं बघतात, बीपी-शुगरच्या तपासणीला बोलावतात. अंग बाहेर येतं का हे कुणी विचारत नाही, आणि बाई आपणहून सांगत नाही. तिशीनंतरच्या बायकांची गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी तपासणी करायची असा सरकारचाच कार्यक्रम आहे, त्या वेळी बाई टेबलावर असते, नर्स बघतच असते, तेव्हा एकच प्रश्न विचारायचा आहे, "बाई, खालनं काही बाहेर आल्यासारखं वाटतं का, दिसतं का?" याला ना मशीन लागतं ना बजेट.

दुसरी, पर्याय न सांगण्याची. व्यायामाचा उपयोग नाही असं सरसकट सांगणं चुकीचं आहे. ब्रिटन, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या हॉस्पिटलांत झालेली पॉपी नावाची चाचणी २०१४ मध्ये लॅन्सेटमध्ये आली, फिजिओथेरपिस्टनं एकेकीला बसवून ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम शिकवले तर बायकांचा त्रास कमी होतो असं त्यात दिसलं. पूर्ण बाहेर आलेलं अंग व्यायामानं आत जाणार नाही, हे मलाही कळतं. पण ज्यांचं थोडं उतरलंय, ज्यांना नुसतं जड वाटतंय, त्यांना आधी हेच सांगायला पाहिजे, आणि "आकुंचन करा" असं ओपीडीत तोंडी सांगून ते येत नाही, निम्म्या बायका पोट आत घेतात नाहीतर श्वास धरतात, ते कुणी तरी हाताखाली घेऊन शिकवावं लागतं. तीच खोली तुम्ही बंद केली.

आणि खालनं होणारं ऑपरेशन "जुनं" कसं झालं? आपल्या मुंबईनं या विषयात जगाला शिकवलंय. १८९९ मध्ये गोव्यात शिरोड्याला जन्मलेले डॉ. वि. ना. शिरोडकर, ज्यांचा गर्भाशयाच्या मुखाला घालायचा टाका जगभरचे डॉक्टर वापरतात, त्यांनी तरुण बायकांची पिशवी न काढता ती वर ओढून बांधायचं ऑपरेशन बसवलं. डॉ. पुरंदरेंच्या नावाची सर्व्हायकोपेक्सी, म्हणजे गर्भाशयाचं मुख वर बांधायचं ऑपरेशन, आजही स्त्रीरोगाच्या पुस्तकात शिकवतात. ज्या बाईला अजून मूल पाहिजे तिची पिशवी वाचली पाहिजे, हा विचार त्यामागं होता. म्हातारी असो, हार्टची पेशंट असो, तिला खालनं, पाठीत इंजेक्शन देऊन, जाळी न घालता तिच्याच स्नायू-पडद्यांना टाके घालून ऑपरेशन होतं, पोटात गॅस भरावा लागत नाही, डोकं खाली करून तासन्‌तास झोपवावं लागत नाही. परत उतरायची शक्यता जाळीच्या ऑपरेशनपेक्षा जास्त असते, हेही सांगायचं, लपवायचं नाही. पण ते हाताचं कौशल्य आहे, वरिष्ठांच्या शेजारी उभं राहून शिकावं लागतं, आणि नवीन डॉक्टरांनी फक्त कन्सोलवर ट्रेनिंग घेतलं तर पंधरा-वीस वर्षांनी तालुक्याच्या हॉस्पिटलात हे करणारं कुणी उरणार नाही. मला या पत्रातली सगळ्यात मोठी काळजी हीच आहे, कारण तालुक्याला रोबो येणार नाही आणि येऊ नयेही.

तिसरी तक्रार, जेवढं सिद्ध आहे त्याच्यापेक्षा जास्त सांगण्याची. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी ७८ बायकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटून साधी दुर्बीण आणि रोबो यांची तुलना केली, २०११ मध्ये छापून आली. एका वर्षानंतर दोन्हीकडचा रिझल्ट सारखा. रोबोला सरासरी ६७ मिनिटं जास्त लागली, तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात रोबोवाल्या बायकांना दुखलं जास्त, खर्चही जास्त आला. २०१४ मध्ये अमेरिकेतलीच दुसरी तुलना आली, त्यातही सहा महिन्यांनी बायकांची तब्येत सारखी आणि रोबोचा खर्च जास्त, तोही मुख्यतः मशीनच्या किमतीमुळं. हात बसल्यावर डॉक्टरांचा वेळ कमी होतो, मशीनही आता सुधारलीत, ते मी धरून चाललेय. पण "रोबो म्हणजे दुर्बिणीच्या पुढचं" हे पेशंटच्या तोंडावर सांगायला आधार काय? ज्या डॉक्टरचा दुर्बिणीवर हात बसलाय त्याच्याकडं बाईला तितकाच फायदा निम्म्या पैशात मिळत असेल तर ते तिला कळलं पाहिजे. आणि ज्याला दुर्बिणीनं जमत नाही, रोबोमुळं निदान पोट उघडावं लागत नाही, त्यानंही तसं प्रामाणिकपणे सांगावं, त्यात कमीपणा काही नाही.

चौथी, जाळीची. हे जरा नीट वाचा, कारण यात घोळ फार आहे. योनीमार्गातनं बसवायच्या जाळ्यांनी परदेशात हजारो बायकांचे हाल झाले, दुखणं, जाळी बाहेर येणं, संबंध अशक्य होणं. ब्रिटननं जुलै २०१८ मध्ये त्या थांबवल्या, अमेरिकेच्या औषध-उपकरण नियामकानं, एफडीएनं, एप्रिल २०१९ मध्ये अंग बाहेर येण्यासाठीच्या अशा जाळ्या विकणं बंद करायला सांगितलं. रोबोनं पोटातनं बसवतात ती जाळी वेगळ्या पद्धतीची, तिच्यावर ती बंदी नाही, आणि तिचा अनुभव बराच चांगला आहे. पण ती शून्य धोक्याची नाही. अमेरिकेत पोट उघडून हेच ऑपरेशन झालेल्या बायकांचा सात वर्षं पाठपुरावा केला, २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला, तेव्हा सात वर्षांत जाळी उघडी पडायची शक्यता साधारण १०.५ टक्के निघाली, आणि बऱ्याच बायकांचं पुन्हा काही प्रमाणात उतरलेलं होतं. तेव्हाच्या काही जाळ्या जुन्या प्रकारच्या होत्या, आता हे प्रमाण कमी असेल, तरी बाईला हे माहीत पाहिजे की ही वस्तू जन्मभर अंगात राहणार आहे आणि काढायची वेळ आली तर ते ऑपरेशन घालण्यापेक्षा अवघड असतं. माझ्या हातात जो संमतीचा फॉर्म दिला तो इंग्रजीत होता, सहा पानं, आणि सही कुठं करायची तिथं पेन्सिलीनं फुल्या मारून ठेवलेल्या होत्या. माझं शिक्षण बीकॉम आहे, मला तो वाचायला अर्धा तास लागला. जाऊबाईंनी काय वाचायचं?

पाचवी, भीती घालण्याची. अंग बाहेर येणं म्हणजे कॅन्सर नाही. बहुतेक बायकांच्या बाबतीत ती घाईची गोष्ट नाही. लघवी तुंबायला लागली, किडनीवर सूज आली, बाहेर आलेल्या भागाला जखम झाली, रक्त जायला लागलं, तर थांबू नये, लगेच दाखवावं. पण ज्या बाईला त्रासच नाही तिला नुसतं थोडं उतरलंय म्हणून ऑपरेशन लागत नाही. "पुढं काय होईल सांगता येत नाही" हे वाक्य आपल्या राज्यात फार महागात पडलंय. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांचं प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळात गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, ८२,३०९ बायकांची माहिती घेतली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. कितीतरी जणींना पिशवीत गाठ आहे, कॅन्सर होईल, असं सांगितलं गेलं होतं. सुप्रीम कोर्टानंही एप्रिल २०२३ मध्ये विनाकारण पिशव्या काढण्यावर राज्यांना नियम लागू करायला सांगितले. मी हे का आठवण करून देतेय, तर पिशवी काढताना वरचा आधार नीट परत बांधला नाही तर पुढं योनीचा वरचा भागच उतरतो, माझ्या मावसबहिणीचं झालं तसं. म्हणजे तेव्हा घाईनं पिशव्या काढल्या, आणि त्यातल्याच काही बायका उद्या जाळीच्या ऑपरेशनला तुमच्या दारात येणार. त्यांना पुन्हा भीती घालून टेबलावर घेऊ नका.

आणि शेवटची तक्रार पैशाची, माझ्या मते बाकी सगळं इथनंच सुरू होतं. महात्मा फुले जन आरोग्य योजना काय किंवा मेडिक्लेम काय, पैसे मुख्यतः ॲडमिट झाल्यावर सुटतात. ओपीडीत रिंग बसवली, सहा वेळा फिजिओकडं गेलं, तर ते पैसे बाईनं स्वतः भरायचे, आणि हॉस्पिटललाही त्यात काही सुटत नाही. विमा नियामकानं २०१९ मध्ये रोबोटिक सर्जरी विम्यात धरायला कंपन्यांना सांगितलं, चांगलंच झालं, पण बऱ्याच पॉलिसीत त्याला वेगळी मर्यादा असते, ती बाईला कळते ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, टीपीएच्या, म्हणजे विम्याचे क्लेम बघणाऱ्यांच्या, खिडकीवर. मशीन कोट्यवधींचं, वर्षाचा मेंटेनन्स वेगळा, हत्यारं ठराविक वापरानंतर टाकून द्यायची, ते भरून काढायला केसेस लागतात हे मला पतसंस्थेत हिशेब बघणारी बाई म्हणून चांगलं समजतं. म्हणूनच सांगते, मशीनचा हप्ता हे बाईला ऑपरेशन सुचवायचं कारण होऊ देऊ नका. रिंगेला, व्यायामाला, खालच्या ऑपरेशनला बोर्ड लावणारं कुणी नाही, म्हणून ते नाहीच असं बायकांना वाटतं.

मागण्या आता लिहिते. फार नाहीत.

हॉस्पिटलांनी अंग बाहेर आलेल्या प्रत्येक बाईला ऑपरेशनची तारीख द्यायच्या आधी एक साधा मराठी कागद द्यावा, त्यात पाच गोष्टी शेजारी शेजारी: काहीच न करता लक्ष ठेवणं, व्यायाम, रिंग, खालनं ऑपरेशन, पोटातनं दुर्बीण किंवा रोबो. प्रत्येकाचा फायदा, तोटा, त्या हॉस्पिटलातला खर्च. तो कागद घरी न्यायला द्यावा, त्याच दिवशी सही मागू नये. हे सगळं डॉक्टरांनी किंवा नर्सनी सांगावं, ज्याला केसमागं टार्गेट आहे अशा माणसानं नाही.

संमतीचा फॉर्म मराठीत, वाचून दाखवून. हिंदी, उर्दू, कानडी बोलणारी बाई असेल तर तिच्या भाषेत.

जाळी बसवली तर तिच्या पाकिटावरचं स्टिकर, कंपनी, प्रकार, तारीख, डॉक्टरचं नाव असलेलं कार्ड बाईच्या हातात, डिस्चार्ज पेपरबरोबर. आणि हॉस्पिटलनं अशा बायकांची नोंदवही ठेवून वर्षानं, तीन वर्षांनी, पाच वर्षांनी फोन करून विचारावं, आकडे जाहीर करावेत. ब्रिटनमध्ये जाळी आणि काही औषधांनी झालेल्या त्रासावरच्या २०२० च्या कम्बरलेज अहवालात बायकांनी वर्षानुवर्षं सांगितलेलं कुणी ऐकलं नाही हे लिहून ठेवलंय, तसा अहवाल आपल्याकडं काढायची वेळ येऊ देऊ नका.

डॉक्टरांनी या मशीनवर हे ऑपरेशन किती वेळा केलंय, असं पेशंटनं विचारलं तर राग न धरता खरं उत्तर द्यावं.

स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी परिषदांत रोबोचे वर्कशॉप जरूर घ्यावेत, पण तेवढ्याच जोमानं रिंग बसवण्याचे आणि खालच्या ऑपरेशनचेही घ्यावेत, तालुक्याच्या डॉक्टरांना बोलावून. माझ्या डॉक्टरीणबाईंसारख्यांना तिथं शिकवायला उभं करा, त्यांच्या हातात जे आहे ते त्यांच्याबरोबर जाऊ देऊ नका.

आणि आरोग्य खात्याला. आशाताईंच्या आणि उपकेंद्रावरच्या तपासणीत तो एक प्रश्न घाला. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात वेगवेगळ्या मापांच्या रिंगा ठेवा, बसवायला नर्सना शिकवा. जिल्हा रुग्णालयात आठवड्यातनं एक दिवस तरी बायकांची फिजिओ ओपीडी, शक्यतो बाजाराच्या दिवशी, कारण त्या दिवशी बाई तसंही गावातनं बाहेर पडते. बाळंतपणानंतर निदान काही आठवडे जड उचलायला लावू नका हे नुसतं आईला सांगून चालत नाही, सासू-सासऱ्यांना, नवऱ्याला, मुकादमाला सांगायचा कार्यक्रम घ्या. आणि सरकारी मेडिकल कॉलेजात रोबो येणार असतील तर त्यांचा प्राधान्यक्रम ठरवा, कॅन्सरच्या अवघड केसेस आहेत, पिशवी काढल्यानंतर परत उतरलेल्या बायका आहेत, त्यांना आधी. गरीब बाईला त्यासाठी मशीनचे वेगळे पैसे लागू नयेत.

आमच्या जिल्ह्यातल्या त्या हॉस्पिटलच्या ट्रस्टींना एवढंच, फिजिओची ती खोली परत उघडा. जागा नसेल तर काउन्सेलिंगच्याच खोलीत सकाळी बसू द्या. बोर्डावर रोबोच्या फोटोखाली एक ओळ वाढवा की इथं रिंग आणि व्यायामाचीही सोय आहे. मी पहिली पेशंट म्हणून येते, जाऊबाईंना घेऊन येते, आमच्या पतसंस्थेच्या बचत गटातल्या बायकांनाही सांगते, त्यात तिशीतल्या मुलीपासून सत्तरीच्या आजीपर्यंत सगळ्या आहेत आणि मी बोलायला लागल्यापासून एकेक जण बाजूला बोलावून "मलापण होतंय गं" म्हणतेय.

जाऊबाईंची तपासणी झाली. त्यांचं पूर्ण बाहेर आलेलं आहे, रिंग राहिली नाही, त्यांना खालनं ऑपरेशन सुचवलंय, सुगी आटपली की करायचं ठरलंय. तोवर भारा पुतण्या उचलतो.

उत्तर द्यायचं असेल तर जाहीर द्या, म्हणजे बाकीच्या बायकांनाही वाचता येईल. कुणाला यातला एखादा आकडा चुकीचा वाटला तर तोही सांगा, मी दुरुस्त करून परत टाकेन.

आपली,
कृष्णाकाठची एक पेशंट